4 डिसेंबरला किती कप?

पुण्यातल्या कंपन्यांच्या ॲडमिन, परचेस आणि अकाउंट्स विभागांतल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 3 डिसेंबर जवळ आला की आमचा फोन थांबत नाही. त्या दिवशी जागतिक दिव्यांग दिन असतो. गेल्या वर्षी त्या एका दिवसात आम्ही 900 कप फिल्टर कॉफी दिली. पहाटे साडेचारला दूध तापायला ठेवलं होतं, दोन टेम्पो भाड्याने घेतले होते. सात कंपन्यांच्या लॉबीत आमचे स्टॉल लागले, भाषणं झाली, फोटो निघाले. संध्याकाळी आमच्याकडे कपांचा हिशेब ठेवणारी ताई वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने रोजचाच प्रश्न विचारला, "उद्या किती?"

उद्या 210. म्हणजे आमची नेहमीची तीन ठिकाणं. त्या सात कंपन्यांमधून 4 डिसेंबरला एकही कप मागवला गेला नाही. पाचलाही नाही. तिने वहीत 210 लिहिलं आणि कप मोजायला बसली. तिला आकड्यांचं वाईट वाटत नाही, मला मात्र वाटतं. म्हणून हे पत्र.

आधी आमच्याविषयी. मी 22 वर्षं एका विशेष शाळेत शिक्षिका होते. आता वारज्यात एका भाड्याच्या गाळ्यात कॉफीचा छोटा धंदा चालवते. माझ्याबरोबर नऊ जण काम करतात. सगळ्यात धाकटा 19 वर्षांचा, सगळ्यात मोठी 41 वर्षांची. कुणाला डाउन सिंड्रोम आहे, कुणी स्वमग्न आहे, कुणाला बौद्धिक अक्षमता आहे. कर्नाटकातून हिरवे दाणे आणतो, स्वतः भाजतो, दळतो, डिकॉक्शन म्हणजे कॉफीचा दाट अर्क काढतो आणि थर्मासमधून ऑफिसांमध्ये पोचवतो. उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहे आमचा. बिल देतो, कर भरतो.

शाळेत असताना एक गोष्ट मला दरवर्षी छळायची. मुलगा अठरा वर्षांचा झाला की शाळा संपते. त्याआधी बारा-तेरा वर्षं त्याला सकाळी उठून डबा घेऊन बाहेर पडायची सवय लावलेली असते. आणि एका जूनमध्ये ती बस येत नाही. आईवडील मग घरीच ठेवतात, दुसरं काय करणार? दोन वर्षांनी रस्त्यात भेट झाली तर वजन वाढलेलं असतं आणि बोलणं कमी झालेलं असतं. शर्टाची बटणं लावायला जे शिकलं होतं तेही कधीकधी गेलेलं असतं. काही जणांना संरक्षित कार्यशाळा मिळते. तिथे पणत्या रंगवतात, मेणबत्त्या, राख्या, कागदी पिशव्या करतात. तिथल्या शिक्षिका जीव ओतून काम करतात, मी त्यांच्यातलीच आहे. पण पणती वर्षातून एकदा लागते, राखीही एकदाच. दिवाळीआधी महिनाभर कामाचा डोंगर असतो आणि पाडव्यानंतर हात रिकामे.

कॉफी रोज लागते. मी कॉफी निवडली ती एवढ्याच कारणाने. तोपर्यंत मी स्वतः चहा पिणारी होते.

आमचं काम कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्याकडून काही विकत घेताना तुम्हाला ते माहीत असायला हवं. एक कप फिल्टर कॉफी म्हणजे आमच्या हिशेबी 31 कृती. प्रत्येक कृतीचं एक चित्र भिंतीवर आहे. पाण्याच्या भांड्यावर लाल पट्टी, दुधाच्या भांड्यावर पिवळी. थर्मामीटरवर 65 अंशांपाशी हिरवी खूण केलीय, काटा तिथे आला की गॅस बंद. फिल्टरमध्ये पूड दाबायची तर किती दाबायची, हे तोंडाने सांगून कळत नाही. त्यासाठी वजनाचं एक लोखंडी चकतं करून घेतलं. ते ठेवायचं, पाचपर्यंत मोजायचं, उचलायचं. जास्त दाबलं तर पाणी उतरत नाही, कमी दाबलं तर भर्रकन उतरतं आणि डिकॉक्शन पातळ येतं. हे चकतं सुचायला मला चार महिने लागले.

भट्टीवर आमचा एक सहकारी बसतो. तो फार कमी बोलतो आणि मोठ्या आवाजांचा त्याला त्रास होतो, म्हणून ग्राइंडर आम्ही दुसऱ्या खोलीत हलवला. किलोभर हिरवे दाणे ड्रममध्ये फिरायला लागले की आठ-नऊ मिनिटांनी लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज येतो. तो आवाज त्याला माझ्याआधी ऐकू येतो. हात वर करतो, घड्याळ लावतो, ठरल्या वेळी दाणे थंड व्हायला बाहेर काढतो. किलोचे 840 ग्रॅमच्या आसपास भरतात, बाकी पाणी उडून जातं. वजन 830 च्या खाली आलं की तो मला बोलावतो आणि काट्याकडे बोट दाखवतो. म्हणजे जास्त भाजले गेले. अशी खेप आम्ही विकत नाही.

हे सगळं बसायला एकेकाला सहा महिने ते दीड वर्ष लागलं आहे. आणि बसलं की ते रोज करावं लागतं. तुमच्या माझ्यासारखं महिनाभराने परत येऊन "हां, आठवलं" असं सगळ्यांचं होत नाही. खंड पडला की शिकलेलं निसटतं. जागतिक दिनाच्या 900 कपांपेक्षा मंगळवारचे 40 कप आम्हाला का मोलाचे आहेत, ते यात आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंजवडीतल्या एका कंपनीत आमचा कॉफी काउंटर होता, रोज 60 कप. तिथे जाणारा सहकारी डाउन सिंड्रोम असलेला, 27 वर्षांचा. चौदा महिने तो रोज सकाळी सात वाजता युनिफॉर्म घालून आमच्या गाडीत बसायचा. तिथल्या लोकांची नावं त्याला पाठ होती, कुणाला बिनसाखरेची लागते तेही. एका शुक्रवारी संध्याकाळी दोन ओळींचा मेल आला की सोमवारपासून मशिन बसवतोय, सेवेबद्दल आभार. मशिन बसवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, मशिनमधली तयार पूड, प्रीमिक्स, स्वस्त पडते हे मलाही कळतं. पण सोमवारी सात वाजता तो युनिफॉर्म घालून उभा होता. मी त्याला समजावलं. मंगळवारीही तो उभा होता. तीन आठवडे रोज सकाळी त्याने मला विचारलं, "आज हिंजवडी?" चौथ्या आठवड्यात विचारायचं थांबला. मग कप भरताना त्याचा हात थरथरायला लागला. त्याला पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरुवात करावी लागली.

तुम्ही 15 दिवस आधी सांगितलं असतं तर मी त्याची तयारी करून घेतली असती. कॅलेंडरवर रोज एक फुली मारली असती, शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घ्यायला लावला असता. त्याने तो घेतला असता. माझी पहिली मागणी म्हणून ही आहे: बंद करायचं असेल तर 15 दिवस आधी सांगा.

आता हे पत्र सीएसआर विभागाला, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामाचा निधी बघणाऱ्यांना, का लिहिलं नाही, ते सांगते. त्या विभागातले लोक आमच्याकडे आपणहून येतात, मनापासून येतात. पण त्यांच्या अर्जात एक रकाना असतो, लाभार्थी किती? मी नऊ लिहिते. गेल्या वर्षी एका ठिकाणाहून उत्तर आलं की किमान 200 लाभार्थी हवेत, सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्रं द्या, निधी देतो. मी नाही म्हटलं. 200 जणांना प्रमाणपत्र देऊन घरी पाठवणं मला जमणार नाही. पुढे त्यांना काम कुठे आहे?

शिवाय कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, आणि कंपनीच्या नेहमीच्या कामकाजाचा खर्च त्यात धरता येत नाही. तुमचे कर्मचारी रोज पितात ती कॉफी तुमच्या पँट्रीच्या बजेटमधूनच येणार, आणि तिथूनच ती यावी असं मला वाटतं. ते बजेट तुमच्या टेबलावर असतं. पेपर नॅपकिन, बिस्किटं, चहापूड, हाउसकीपिंगचा फिनेल, यांच्याच यादीत आमची एक ओळ असावी. देणगीचा चेक एकदा येतो. पँट्रीची ऑर्डर सोमवार ते शुक्रवार येते.

कामगारांनी कॉफीच्या धंद्यावर आपलं घर चालवायचं, ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. पहिलं ‘इंडिया कॉफी हाउस’ 1936 मध्ये मुंबईत चर्चगेटला उघडलं. पुढे कॉफी बोर्ड या सरकारी मंडळाने देशभर अशी कॉफी हाउसेस चालवली आणि पन्नासच्या दशकात बंद करायला घेतली. तिथल्या वाढप्यांच्या, आचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था काढल्या. 1957 मध्ये बंगळूरला आणि दिल्लीला सुरुवात झाली, मग केरळात. त्यातली इंडियन कॉफी हाउसेस आजही चालू आहेत. लोक तिथे कामगारांवर दया म्हणून गेले नाहीत, कॉफी प्यायला गेले. मला आमच्या गाळ्याचं असंच व्हायला हवं आहे. आम्ही नऊ जणच आहोत, पण दिशा तीच.

आता पैशांचं. संकोच न करता लिहिते, कारण संकोच करून खूप नुकसान झालं आहे.

आमचा कप 30 रुपयांचा. त्यातले 15 दूध, कॉफी, साखर आणि कपाचे. 10 रुपये पगाराला. उरलेल्या 5 रुपयांत गॅस, गाळ्याचं भाडं, गाडी. रोज 300 कप गेले की नऊ जणांचे अर्ध्या दिवसाच्या पाळीचे पगार नीट निघतात. सध्या 210 जातात. फरक आम्ही कॉफीच्या पुड्या विकून भरतो आणि काही महिने माझ्या बचतीतून. मी दर महिन्याला किमान वेतनाच्या हिशेबाने तासावार पगार देते, एक रुपया कमी नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 1948 च्या किमान वेतन कायद्यात अपंग कामगारांना त्या दरातून वगळायची मुभा सरकारला होती. म्हणजे कमी पैसे दिले तरी चालतील असा विचार आपल्याकडे कायद्यातच लिहिलेला होता. तो माझ्या गाळ्यात चालणार नाही.

पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यात जातो. पहिली खाती उघडताना एका बँकेत तीन फेऱ्या झाल्या, पालकत्वाचा कागद आणा म्हणून. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 13 मी छापून नेलं होतं, त्यात आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळायचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. तिसऱ्या फेरीला काम झालं. त्या महिन्याच्या शेवटी आमच्या दूध तापवणाऱ्या सहकाऱ्याचं कुटुंब मिसळ खायला गेलं. बिल आल्यावर मोठ्या भावाने पाकीट काढलं, तर याने त्याचा हात धरला. "थांब दादा, मी देतो." त्याच्या आईने मला रात्री फोन करून हे सांगितलं आणि मग बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

अशा पगाराला उशीर झाला की काय होतं, ते अकाउंट्समधल्या मंडळींनी ऐकावं. रोज 60 कप, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे 39,600 रुपयांचं बिल. तुमची पद्धत 90 दिवसांची. म्हणजे माझे 1 लाख 18 हजार 800 रुपये तुमच्याकडे अडकलेले. दूधवाला आठवड्याला पैसे घेतो. पगार 1 तारखेला, आणि तो 4 तारखेला झाला तर चालत नाही, कारण "एक तारीख" हा शब्द मी शिकवलेला आहे आणि त्या दिवशी सकाळी नऊही जण माझ्याकडे बघत असतात.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत चुकते करावे लागतात, असं 2006 चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही तरतूद आली की ही मुदत उलटली तर ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तुम्हाला तो खर्च वजा धरता येत नाही. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. कायदा दाखवून भांडायची माझी इच्छा नाही, ज्याच्याशी भांडले त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी कॉफी कशी पाठवणार? तुमच्या सिस्टिममध्ये आमच्या नावापुढे 90 च्या जागी 15 लिहिता येतं. एका कंपनीतल्या अकाउंट्सच्या मॅडमनी ते लिहिलं. त्यांचे पैसे अजून एकदाही सोळाव्या दिवशी आलेले नाहीत.

दोन वर्षांत दाण्यांचा भावही खूप चढला. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये पाऊस कमी पडला, पीक घटलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला 4 डॉलरच्या वर गेली. चिक्कमगळूरच्या ज्या बागायतदारांकडून आम्ही घेतो त्यांची जमीन थोडी आहे. आपल्या देशातले बहुतेक कॉफी बागायतदार असेच छोटे. पडत्या भावाची वर्षंही त्यांनीच सोसली होती, म्हणून वाढीव भाव मी घासाघीस न करता दिला. पण मग कप 25 वरून 30 करावा लागला. त्यावर एका ठिकाणी ऐकलं की, "समाजसेवा करता ना, मग भाव कशाला वाढवता?" त्या प्रश्नाने मी दिवसभर अस्वस्थ होते. समाजसेवा केली म्हणून दूध स्वस्त मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आमची तक्रार करा.

मागच्या पावसाळ्यात एका थर्मासमध्ये साखर गेली. त्यावर "बिनसाखर" असं लेबल होतं. ज्या ऑफिसात गेला तिथे मधुमेह असलेले लोक होते. मला हे तीन आठवड्यांनी कळलं, तेही सहज बोलताना. तोवर तिथली ऑर्डर 40 वरून 25 वर आली होती. मी विचारलं, तेव्हाच फोन का केला नाही? उत्तर आलं, "जाऊ द्या हो मॅडम, मुलं आहेत बिचारी."

ते सांगणारे गृहस्थ प्रेमाने बोलत होते. पण त्या प्रेमाने आमचे 15 कप गेले आणि चूक तशीच राहिली. आम्हाला त्याच दिवशी कळलं असतं तर त्याच दिवशी दुरुस्त झाली असती. आता बिनसाखरेच्या थर्मासला निळं झाकण आहे आणि निळं झाकण लावणारा माणूस साखरेच्या डब्याला हात लावत नाही. एवढंच करायचं होतं. हॉटेलात चहा गार आला तर तुम्ही वेटरला परत पाठवता, कारण त्याला गरम चहा करता येतो हे तुम्ही धरून चाललेले असता. आमच्या माणसांच्या बाबतीतही तेवढंच धरून चाला. कॉफी पातळ झाली, उशीर झाला, कप गळका निघाला, सगळं सांगा. शक्यतो जो घेऊन आला आहे त्याला सांगा, हळू आणि एका वेळी एकच गोष्ट. तो वाईट वाटून घेईल, दुसऱ्या दिवशी बरोबर करेल.

आणि ती "मुलं" नाहीत. आमच्यातल्या एकीच्या केसांत चांदी दिसायला लागली आहे. तिला "बाळा" म्हणून गाल ओढणारी माणसं मी पाहिली आहेत, चांगली शिकलेली. नावाने हाक मारा, वयाने मोठी असेल तर ताई म्हणा. फोटो काढायचा तर तिला विचारा, मला नको. ती नाही म्हणाली तर नाही.

गेटवरचंही एक सांगते, कारण ते ॲडमिनच्याच हातात आहे. आमच्या माणसाला रोज नवा व्हिजिटर पास काढावा लागतो. रोज तेच प्रश्न, रोज वेगळा रखवालदार, कधी चाळीस मिनिटं उभं राहणं. जो स्वमग्न आहे त्याच्यासाठी ही सकाळ फार कठीण जाते आणि कॉफी गार होते ती वेगळीच. महिन्याचा पास द्या आणि रखवालदारांना एकदा ओळख करून द्या. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करावं, असं 2016 चा कायदा सांगतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वेबसाइटवर ते आहे, मी वाचलं आहे. ते गेटपर्यंत पोचवायचं काम तुम्हीच करू शकता.

मला 900 कपांची ऑर्डर नको आहे. यंदाच्या 3 डिसेंबरला एका कंपनीला दीडशेच कप देईन, त्यांनी 4 डिसेंबरपासून रोज पंधरा कप घेणार असं आधी कळवलं तर. सहा कंपन्यांनी रोज पंधरा-पंधरा कप घेतले की आमचे 300 होतात. हे गणित मी फळ्यावर लिहून ठेवलं आहे आणि गाळ्यात आलेला प्रत्येक जण ते वाचतो.

आधी चव बघा. कोणत्याही दिवशी सकाळी दोन लिटरचा थर्मास घेऊन येतो, त्याचे पैसे नकोत. कडक वाटली, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त वाटली तर सांगा. आमची नेहमीची पूड 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरीची असते, बिनचिकोरीचीही देतो. आवडली नाही तर घेऊ नका, मी खरंच मनाला लावून घेणार नाही.

आवडली, तर दुसऱ्या दिवशीच्या कपांचा आकडा आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कळवा. आमची हिशेबाची ताई सहाच्या बसने घरी जाते आणि उद्याचे कप मोजून दहा-दहाच्या ओळी लावल्याशिवाय ती निघत नाही.

आपली,
वारज्याच्या गाळ्यातली कॉफीवाली
(आणि भट्टीवरचा, ग्राइंडरवरचा, दुधावरचे दोघे, थर्मास भरणारी, निळ्या झाकणवाला, गाडीबरोबर जाणारे दोघे आणि हिशेबाची ताई. पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं आहे.)